आधी ओरखडे, मग चकाकी

कोल्हापूर,
श्रावण वद्य पंचमी

चि. मैत्रेयी हिस,


दादांची येझदी मोटरसायकल तू गावाकडून हलवून पुण्याच्या घराच्या पार्किंगमध्ये उभी केलीस, हे कळलं. इंजिनाचे फोटोही पाहिले. दसऱ्याला गाडी पूजेला लावायची आहे म्हणतेस, छान आहे. फोटोंसोबत तू एकच प्रश्न विचारलास : इंजिनाची कव्हरं आरशासारखी व्हायला कोणतं पॉलिश आणू?

याचं उत्तर एका ओळीत देता येईल. ॲल्युमिनियमला चालतं असं जिच्यावर लिहिलंय, ती कोणतीही डबी आण. पण तेवढंच सांगितलं तर तू आज संध्याकाळी डबी उघडशील, हात भरून येईपर्यंत घासशील, आणि सकाळी उजेडात बघशील तर कव्हरावरचा एकेक ओरखडा कालच्यापेक्षा ठळक दिसेल. त्यात डबीचा काही दोष नसेल. इथल्या उद्यमनगरात बफिंगच्या, म्हणजे कापडी चाकानं धातू उजळण्याच्या, मोटरीसमोर माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे येणारं प्रत्येक नवं पोर पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारायचं. फोनवर हे सांगून होणार नाही, म्हणून पत्र लिहितो आहे.

चकाकी वरून लावता येत नाही, हे आधी मनात पक्कं कर. धातू मुळातच प्रकाश परत फेकतो. तो एका दिशेनं परत आला की आपल्याला चेहरा दिसतो, आणि दाही दिशांना विखुरला की तोच धातू मळकट वाटतो. विखुरतो तो खडबडीतपणामुळे. आता मापं बघ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवरचा कण साधारण ३५ मायक्रॉनचा, २००० नंबरवरचा १० मायक्रॉनच्या आसपास. आणि डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. ओरखडा कणाच्या आकाराइतका खोल जात नाही, बराच उथळ असतो. तरी प्रकाशाच्या मापानं तो चरच आहे. हे चर प्रकाशाला जाणवणार नाहीत इतके बारीक करत जायचं, एवढंच आपलं काम.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. न्यूटननं १६६८ साली पहिली परावर्तक दुर्बीण स्वतःच्या हातानं बनवली. तिचा आरसा काचेचा नव्हता, तांबं आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा होता, आणि तो त्यानं स्वतःच घासून तयार केला. पुढे १७०४ च्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात काचेच्या पॉलिशबद्दल लिहिताना त्यानं स्वच्छ सांगितलं की पूड कितीही बारीक असली तरी ती ओरखडेच काढते, फक्त ते दिसेनासे होतात. त्यानं ज्या पुडी सांगितल्या त्यांत ट्रिपोली आहे. आजही बफिंगच्या दुकानात तपकिरी वडी मागितली की ट्रिपोलीच हातात पडते. केरळातल्या आरन्मुळ्याला तांब्या-कथिलाचे आरसे आजही बनतात. त्यांना काच नाही, पारा नाही, चेहरा दिसतो तो नुसत्या घासलेल्या धातूत.

आता गाडीकडे वळू. हाताला लागेल ते घासायला बसू नकोस. कुठला भाग कशाचा आहे हे आधी बघ. फ्रिजवरचं एखादं चुंबक घेऊन गाडीभोवती फिर. क्लचचं कव्हर, उजवीकडचं डायनमोचं कव्हर, ब्रेकच्या प्लेटी, इथे ते चिकटणार नाही, कारण हे सगळं ॲल्युमिनियमचं ओतकाम आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१ पासून जावा बनू लागली, १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं, १९९६ ला कारखाना बंद पडला. तिथून गाडी बाहेर पडायची तेव्हा ही कव्हरं पॉलिश केलेलीच असायची. त्यामुळे तू गाडीला नवं काही चढवत नाहीस, तिचं जे होतं ते परत देतेस.

हँडल, हेडलाइटची रिंग आणि ते जोड सायलेन्सर यांना चुंबक चिकटेल. हे लोखंड आहे आणि वर क्रोमचा मुलामा आहे. त्याला पॉलिश पेपर लावायचा नाही, बफही नाही. शोभेच्या क्रोमचा थर अर्धा मायक्रॉनही भरत नाही. त्याच्या खाली निकेलचा थर असतो, साधारण १० ते ३० मायक्रॉनचा, आणि गंजापासून राखण करतो तो हा निकेल. क्रोम घासून गेलं की ते घरी परत येत नाही. सायलेन्सरवर जे गंजाचे बारीक ठिपके आहेत, त्यांना स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरव. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते. गंज निघतो, क्रोम राहतं. जिथे क्रोमचे पापुद्रे सुटलेत तिथे मात्र नव्यानं प्लेटिंग करण्यावाचून इलाज नाही. ते परवाना असलेल्या प्लेटिंगवाल्याकडेच टाक. तुमच्या पिढीला व्हिडिओ बघून घरीच टाकी मांडायची हौस असते, पण क्रोमच्या जुन्या पद्धतीच्या टाकीत जे क्रोमियम असतं त्यानं कर्करोग होतो. तो घरातला उद्योग नव्हे.

प्लेटिंगवाला भाग टाकीत सोडण्याआधी काय करतो ठाऊक आहे? तो आधी बफिंग करून घेतो. इतका पातळ थर खालचे ओरखडे झाकू शकत नाही, जसेच्या तसे वर दाखवतो. म्हणजे जे क्रोम आपल्याला 'वरून लावलेली चकाकी' वाटतं, त्याचीही चकाकी खालचं लोखंड किती नीट घासलंय यावरच उभी असते.

नट, बोल्ट, वॉशर यांच्यावर झिंकचा थर असतो. तो मंद राखाडी दिसतो म्हणून तुला घासावासा वाटेल. घासलास तर चार दिवस चांदीसारखा चमकेल आणि पहिल्या पावसात तांबडा होईल. तो तसाच असू दे.

कव्हर उतरवण्याआधी गाडीतलं ऑइल काढून घे. जुने स्क्रू अडून बसले असतील, साध्या स्क्रू ड्रायव्हरनं जोर केलास तर डोकी झिजतील. हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, तो वापर. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेव. ब्रेकची प्लेट उघडशील तेव्हा आतली काळी धूळ फुंकू नकोस, हवेचा पाइपही मारू नकोस. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पूस आणि फडकं पिशवीत बांधून टाक. तेलकटपणा घालवायला पेट्रोल नको. त्याची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते, आणि पार्किंगमध्ये कुणाची ना कुणाची ठिणगी असतेच. डिझेल किंवा डिग्रीझर वापर, मग भांड्यांच्या साबणानं धू.

धुण्यावरून आठवलं. दादांच्या वेळी घरात तांब्यापितळेची भांडी चिंच-मिठानं घासली जात, चुलीची राखही चाले. तांब्यावरचा काळपटपणा चिंचेच्या आंबटपणात विरघळतो, म्हणून ते तिथे योग्य. राख मात्र अल्कली असते आणि अल्कली ॲल्युमिनियमला खाते. कॉस्टिक सोडा तर फार वेगानं खातो, वर हायड्रोजन वायू सोडतो. तेव्हा तुंबलेल्या मोरीची पावडर कव्हरावर टाकून 'झटपट सफाई' करायच्या फंदात पडू नकोस. रांगोळीही नको. ती दगडाची पूड आहे, तिच्या कणांना ना माप ना नंबर.

कव्हर स्वच्छ झालं की आतल्या बाजूला बघ. पॅकिंग बसतं ती सपाट कड, बुशची भोकं, ऑइल सीलची जागा, स्क्रूचे आटे, या सगळ्यांवर जाड चिकटपट्टी लाव. पॅकिंगच्या कडेला कागद लागला तर ती सपाट राहत नाही आणि ऑइल गळायला लागतं. घासताना पडलेला एखादा कण बुशमध्ये किंवा बेअरिंगमध्ये राहिला, तर तो तिथेही घासतच बसेल.

आता मुख्य काम. तुला सगळ्यात कंटाळवाणा वाटेल तो भाग हाच, आणि तुझं कव्हर कसं होणार हे इथेच ठरतं.

काळा वॉटर पेपर आण. ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे ताव आण, ३२० चा एखादा जवळ असू दे. नंबर वाढतो तसा कण बारीक होतो. काळ्या कागदावरचा कण सिलिकॉन कार्बाइडचा असतो. अमेरिकेत ॲचेसननं १८९१ साली कृत्रिम हिरे करण्याच्या नादात तो तयार केला. पाण्यात टिकणारा कागद थ्रीएम कंपनीनं १९२१ साली बाजारात आणला. पाणी का, तर ॲल्युमिनियम मऊ आहे. कोरडं घासलं की त्याचा भुगा कणांमध्ये अडकून गोळे होतात, आणि तेच गोळे नवे खोल ओरखडे काढतात. पाणी भुगा वाहून नेतं आणि धूळही उडू देत नाही. बादलीत साबणाचे चार थेंब टाक, कागद थोडा वेळ भिजू दे. सपाट जागी कागदाखाली रबराचा ठोकळा धर. नुसत्या बोटांनी घासलंस तर बोटांच्या दाबानं धातूत लाटा पडतात. आत्ता त्या दिसणार नाहीत, आरसा झाल्यावर त्यातलं प्रतिबिंब वेडंवाकडं दिसेल.

सुरुवात कुठल्या नंबरपासून करायची हे कव्हर सांगेल. नुसता मळकटपणा असेल तर ४०० किंवा ६०० पुरे. बुटाचे आणि दगडाचे खोल ओरखडे असतील तर ३२०. तुझ्या फोटोत किकच्या दांड्याखाली बरेच आहेत. दादांचा बूट तिथेच लागायचा, कारण या गाडीत किकचा दांडाच गिअरचा दांडा होतो.

नियम दोनच आहेत. पहिला, एका नंबरनं एकाच दिशेनं घास आणि पुढच्या नंबरला दिशा काटकोनात बदल. ४०० च्या रेघा आडव्या असतील तर ६०० उभा चालव. आडवी एक जरी रेघ शिल्लक दिसली तर ६०० चं काम संपलेलं नाही. दिशा बदलली नाही तर जुनी रेघ कोणती आणि नवी कोणती हे देवालाही सांगता येणार नाही. दुसरा, नंबर बदलताना कव्हर, हात, ठोकळा, सगळं धुऊन बादलीतलं पाणी बदल. १००० च्या कागदाखाली ४०० चा एक कण आला तरी मागचं सगळं काम पाण्यात.

८०० ला पोचलीस की तुझा धीर सुटेल. कव्हर एकसारखं राखाडी, साटिनसारखं झालेलं असेल आणि 'आता झालंच' असं वाटेल. एखादी ३२० ची रेघ तिरक्या उजेडात डोळे मिचकावत असेल, तिकडे तू काणाडोळा करशील. करू नकोस. ३२० ची रेघ १५०० नं जात नाही, ती ३२० च्या पुढच्याच कागदानं जाते. बारीक कागदानं ती काढायला बसलीस तर आठवडा जाईल आणि रेघ तिथेच राहील. रेघ दिसली की एक पायरी खाली उतर, तेवढा भाग पुन्हा घास, मग वर ये. यात कमीपणा काही नाही. बफिंगच्या खात्यात ज्याला मागे जाण्याची लाज वाटायची, त्याचाच माल परत यायचा.

कव्हरावर जी पांढरी पूड धरली आहे तिच्याखाली जे बारीक खड्डे आहेत, त्यांचा निर्णय तुला घ्यावा लागेल. खड्डा घालवायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा धातू खाली आणायचा. उथळ असतील तर ठीक. खोल असतील तर राहू देत. कव्हर पातळ करण्यापेक्षा चार ठिपके परवडले, पन्नास वर्षं रस्त्यावर असलेल्या गाडीला ते शोभतातही. कव्हरावर उठावाचं नाव किंवा चिन्ह असेल तर त्याभोवती ठोकळा नको, कागदाची घडी करून हळू फिर. उठावाच्या कडा एकदा गोल झाल्या की पुन्हा धारदार होत नाहीत. घासून गेलेला धातू परत आणणारी पेस्ट कुठल्याही बाजारात मिळत नाही.

२००० नंबर झाल्यावर कव्हरात तुला तुझी सावली दिसेल, चेहरा नाही. तिथून पुढे कागदाचं काम संपतं आणि बफचं सुरू होतं.

बफ म्हणजे कापडाच्या थरांचं चाक, त्यावर मेणात किंवा चरबीत कालवलेल्या पुडीची वडी लावायची. तपकिरी ट्रिपोली कापते, पांढरी वडी ॲल्युमिनियमला शेवटचा हात देते, हिरवी क्रोमियम ऑक्साइडची असते आणि ती स्टेनलेससाठी, लाल लोहाच्या ऑक्साइडची, ती सोन्या-चांदीसाठी. पांढऱ्या वडीतली पूड बहुधा ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडची असते. हा धातू स्वतः मऊ, पण त्याचं ऑक्साइड इतकं कठीण की त्यानंच त्याला घासता येतं. प्रत्येक वडीला वेगळा बफ ठेव. वडी थोडीच लाव. जास्त झाली की कव्हरावर काळे चट्टे उमटतात.

मोटरीबद्दल नीट ऐक. साधी बेंच मोटर मिनिटाला २८०० फेरे घेते. तिच्यावर १५० मिलिमीटर व्यासाचा बफ असेल तर त्याची कड ताशी जवळजवळ ८० किलोमीटर वेगानं धावते. त्या वेगानं कव्हर हातातून हिसकलं गेलं तर ते भिंतीवर जाईल, जमिनीवर जाईल किंवा तुझ्या अंगावर येईल. बफ वरून खाली, तुझ्या दिशेनं फिरत असतो. तुकडा कायम बफच्या मध्याच्या खाली धरायचा, म्हणजे सुटला तरी खाली जमिनीकडे जातो. तुकड्याच्या मध्यापासून खालच्या कडेपर्यंतच बफ लागू दे. वरची कड बफच्या तोंडाला देऊ नकोस, तो ती पकडतो. वरचा अर्धा करायचा तर तुकडा उलटा फिरवून घे. आधी बफच्या फिरण्याविरुद्ध तुकडा सरकवत दाबून घास, हे कापणं. शेवटी बफच्या दिशेनं, अगदी हलक्या हातानं, हे उजळणं.

ओढणी, सैल बाही, बांगड्या, घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी, सगळं काढून ठेव. केस घट्ट बांध. कापडी हातमोजे घालायचे नाहीत, ते बफमध्ये अडकले की तो बोटांसकट ओढतो. तुकडा हाताला सोसवेनासा तापला तर थांब, पाण्यात बुडव आणि पुन्हा सुरू कर. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला धुळीचा चांगला मास्क हवाच. ट्रिपोलीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं छातीत जाऊन बसते. आमच्या खात्यातली माणसं संध्याकाळी ओळखू यायची नाहीत इतकी काळी होत, नाकाला रुमाल बांधून काम चाले. तुला मास्क विकत मिळतो, तो घाल.

ॲल्युमिनियमच्या धुळीला हलक्यात घेऊ नकोस. अनारात आणि फुलबाजीत जी पांढरी झगमग असते ती पुष्कळदा याच धातूच्या पुडीची. लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमची पूड एकत्र पेटली तर लोखंड वितळतं. रेल्वेचे रूळ जोडायला थर्मिट वेल्डिंग याच तत्त्वावर करतात. म्हणून ज्या जागी ॲल्युमिनियम बफ केलंस तिथे लोखंड ग्राइंड करू नकोस, ठिणगी पडू देऊ नकोस. धूळ साचू न देता रोज हळू हातानं उचलून टाक. पेटलीच तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. तिची एक बादली शेजारी भरून ठेव. ओल्या घासण्याचा गाळ झाकण घट्ट लावून डब्यात भरू नकोस, त्यातून हायड्रोजन सुटू शकतो. आणि ॲल्युमिनियम कधीही ग्राइंडरच्या दगडाला लावायचं नाही. मऊ धातू दगडाच्या छिद्रांत भरून बसतो, दगड तापतो आणि फुटू शकतो.

हे वाचून घाबरली असशील तर मोटर घेऊच नकोस. दोन कव्हरांसाठी तिची गरज नाही. २००० नंबरनंतर फडक्यावर पेस्ट घेऊन हातानं घासलंस तरी चेहरा दिसतो, वेळ जास्त लागतो इतकंच. हातानं घासताना फडकं काळं होईल. ते काळं म्हणजे मळ नव्हे, कव्हराचाच धातू आहे. फडकं पांढरं येईपर्यंत घासायचं असं ठरवलंस तर कव्हर संपेल तरी ते काळंच येत राहील. काळं असतानाच स्वच्छ मऊ फडक्यानं पुसून काढ आणि उजेडात बघ.

थांबायचं कुठे, हेही सांगतो. सिलिंडरच्या पाकळ्यांना हात लावू नकोस. त्या हवेनं थंड होण्यासाठी आहेत, आणि गुळगुळीत चकचकीत धातू किरणांच्या रूपानं उष्णता फार कमी बाहेर टाकतो. कार्बोरेटरच्या पितळी जेटच्या भोकात तार किंवा पॉलिश घालू नकोस, भोक जरा मोठं झालं की पेट्रोलचं गणित बिघडतं. पुढच्या फोर्कच्या नळ्या फक्त पुसायच्या. सगळीच गाडी आरसा केली तर नजर कुठेच ठरत नाही. टाकीचा रंग, राखाडी नट, काळ्या पाकळ्या यांच्यामध्ये दोन कव्हरं लखलखली की ती उठून दिसतात.

कव्हर झालं की साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन, पुसून, मेणाचा पातळ हात दे. वरून पारदर्शक लॅकर मारायचा सल्ला कुणीतरी देईल. गुळगुळीत धातूवर तो नीट धरत नाही, पुढे कडेनं सुटतो, आणि त्याच्या खाली पाणी शिरून पांढऱ्या नागमोडी रेघा धरतात. मग तो काढण्यापासून सगळं पहिल्यापासून करावं लागतं. उघडं ॲल्युमिनियम मंद होईल, ते साहजिक आहे. पावसाळ्यानंतर एकदा पेस्टचा हात दिलास की पुन्हा उजळेल, कागदापर्यंत मागे जावं लागणार नाही. गाडी कोकणात घेऊन गेलीस तर परतल्यावर लगेच गोड्या पाण्यानं धू. खारी हवा ॲल्युमिनियमला खड्डे पाडते.

हे सगळं वाचून तुला वाटलं की नकोच, बफिंगवाल्याकडे टाकावं, तर तेही चालेल. फक्त त्याच्याशी दोन गोष्टी बोल. पॅकिंगची बाजू आणि उठावाच्या कडा सांभाळायला सांग, आणि तो जो भाव सांगेल त्यात घासाघीस करू नकोस. दहा मिनिटांत चकाकी आणून दिली असं आपल्याला दिसतं, त्या दहा मिनिटांमागे त्याच्या छातीत गेलेली धूळ आपल्याला दिसत नाही.

दसऱ्याला अजून अवकाश आहे, पण नोकरी सांभाळून दोन्ही कव्हरं होतीलच असं नाही. झालं तर उत्तम. नाही झालं तर क्लचचं एकच कव्हर पुरं कर, ते लाव, दुसरं आहे तसं राहू दे आणि त्याच गाडीची दसऱ्याला पूजा कर. दुसरं दिवाळीनंतर कर. अर्धवट घासलेल्या दोन कव्हरांपेक्षा नीट झालेलं एक कव्हर केव्हाही चांगलं.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
अण्णाआजोबा

ता. क. : सुरुवात कव्हरापासून करू नकोस. भंगारवाल्याकडून ॲल्युमिनियमचा एखादा तुटका तुकडा आण आणि त्यावर ४०० पासून २००० पर्यंत एकदा पूर्ण जाऊन ये. त्यात तुझा चेहरा दिसला की मगच दादांच्या गाडीला हात लाव.